'समायोज्य द्रवचालित धक्काशोषक': एका पारिभाषिक पदसमूहाची चिकित्सा

१

पारिभाषिक शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन कसोट्यांवर चालते. शब्द स्वभाषेच्या प्रकृतीला धरून आहे की नाही, ही पहिली कसोटी. तो उच्चारावयास व स्मरणात ठेवावयास सुलभ आहे की नाही, ही दुसरी. भाषाशुद्धीच्या वादात सावरकर आणि माधव ज्यूलियन यांच्या पक्षाने पहिलीवर भर दिला, तर प्रतिपक्षाने दुसरीवर. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर जे परिभाषा कोश निघाले त्यांच्यावरील टीकाही मुख्यतः याच दोन दिशांनी झाली. या दोन्ही कसोट्या आवश्यक आहेत. परंतु त्या पुरेशा नाहीत. शब्द ज्या वस्तूचे नाव म्हणून योजला आहे, त्या वस्तूच्या रचनेशी व कार्याशी तो जुळतो काय, अशी एक तिसरी कसोटी संभवते. ती लावण्यासाठी समीक्षकाला कोश बाजूस ठेवून वस्तूकडे जावे लागते. म्हणूनच ती क्वचित लावली जाते.

प्रस्तुत लेखात ही तिसरी कसोटी एकाच पदसमूहाला लावून पाहावयाची आहे. मोटारसायकलींच्या माहितीपत्रकांत पाठीमागच्या चाकाच्या आधाराचे वर्णन करताना इंग्रजीत एक ठरावीक पदसमूह येतो. त्याचे शब्दशः मराठी रूप 'पाच टप्प्यांत समायोज्य द्रवचालित धक्काशोषक' असे होते. टप्प्यांचा उल्लेख तूर्त सोडला तर उरतात ती तीन पदे: 'धक्काशोषक' हे विशेष्य, आणि 'द्रवचालित' व 'समायोज्य' ही दोन विशेषणे. व्याकरणाच्या दृष्टीने या रचनेत दोष काढता येणार नाही. अर्थही वाचताक्षणी कळल्यासारखा वाटतो. परंतु हा कळलेला अर्थ आणि यंत्राचे प्रत्यक्ष कार्य यांत तिन्ही ठिकाणी अंतर आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ते तपासावयाचे तर प्रथम यंत्राची रचना पाहिली पाहिजे.

२

वाहनाचे अंग आणि चाक यांच्यामध्ये स्प्रिंग असते. चाक उंचवट्यावर चढले म्हणजे स्प्रिंग दबते, आणि चाकाला बसलेला हिसका अंगापर्यंत एकदम पोहोचत नाही. मालमोटारीचे पाटे असोत की मोटारसायकलीची वेटोळी स्प्रिंग असो, काम एकच: धक्का झेलणे. परंतु स्प्रिंग जे घेते ते परत करते. दबलेली स्प्रिंग उसळते, उसळून ताणली जाते, पुन्हा दबते. आणि उंचवटा मागे पडला तरी गाडी खालीवर होतच राहते. सामान्य मोटारीत अंगाचे हे हेलकावे सेकंदाला साधारणतः १ ते १.५ होतात, चाकाची स्वतःची थरथर सेकंदाला १० ते १५ इतकी असते. ही दोन्ही दोलने वेळीच थांबली नाहीत तर चाकाचा रस्त्यावरील दाब सारखा कमीजास्त होतो, आणि प्रसंगी चाक रस्ता सोडते. ब्रेक लागणे आणि गाडी वळणे या दोन्ही गोष्टी चाकाच्या पकडीवर अवलंबून असल्यामुळे हा प्रश्न केवळ प्रवाशाच्या सुखाचा नसून त्याच्या सुरक्षिततेचाही आहे.

ही दोलने थांबविण्यासाठी स्प्रिंगच्या जोडीला जे साधन बसवितात तेच आपल्या चर्चेचा विषय होय. आरंभी हे साधन घर्षणावर चालत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रचारात आलेल्या हार्टफर्ड पद्धतीच्या साधनात दोन बाहूंच्या मध्ये चकत्या दाबून बसविलेल्या असत, व मधला नट आवळून हा दाब वाढविता येई. म्हणजे समायोजनाची कल्पना तेलाच्या आधीची आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. परंतु घर्षणाचा स्वभाव या कामाला प्रतिकूल होता. स्थिर चकती हलविण्यास जे बल लागते ते सरकती चकती सरकत ठेवण्यास लागणाऱ्या बलापेक्षा अधिक असते. त्यामुळे बारीकसारीक खड्ड्यांवर साधन अडून बसे, आणि मोठ्या वेगवान हालचालीला मात्र त्याचा विरोध वाढत नसे. तेलाचा स्वभाव याच्या उलट आहे: हालचाल नसेल तर विरोध नाही, वेग वाढेल तसा विरोध वाढतो. या एका गुणामुळे तेलाने घर्षणावर मात केली.

तेलाच्या साधनाचा सर्वांत रूढ प्रकार दुहेरी नळीचा. आतील नळीत तेल भरलेले असते आणि दांड्याच्या टोकाला बसविलेला दट्ट्या त्यात खालीवर सरकतो. दट्ट्याला छिद्रे असतात व त्या छिद्रांवर झडपा. दट्ट्या सरकला की एका बाजूचे तेल या छिद्रांतून दुसऱ्या बाजूस ढकलले जाते. दांडा आत शिरताना त्याच्या स्वतःच्या आकारमानाइतके तेल विस्थापित होते. ते तळाशी असलेल्या झडपेतून बाहेरच्या नळीत जाते, आणि दांडा बाहेर निघताना परत येते. बाहेरच्या नळीचा वरचा भाग वायूसाठी मोकळा ठेवलेला असतो.

अरुंद छिद्रातून जाताना तेल जो विरोध करते तोच या साधनाचा व्यापार. या विरोधावर मात करताना खर्च होणारी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. तेल तापते, नळी तापते, आणि ती उष्णता हवेत जाते. दट्ट्या सेकंदाला ०.३ मीटर वेगाने सरकत असेल व विरोध १००० न्यूटन असेल, तर त्या क्षणी ३०० वॉट या दराने हे रूपांतर चालू असते. स्प्रिंगने परत केलेली ऊर्जा अशा रीतीने बाहेर टाकली जाते.

नुसत्या छिद्राने मात्र काम भागत नाही. छिद्रातील विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. संथ हेलकाव्याला पुरेसा विरोध होईल इतके छिद्र लहान ठेवावे, तर अचानक आलेल्या खड्ड्यावर तेच साधन जवळजवळ घट्ट दांड्यासारखे वागते. म्हणून रचनाकाराने दोन मार्ग ठेवले. एक सदैव उघडे असलेले बारीक छिद्र. दुसरा, पोलादी पातळ चकत्यांच्या किंवा स्प्रिंगच्या दाबाने बंद असलेली झडप. वेग कमी असताना तेल पहिल्या मार्गाने जाते. वेग वाढून दाब एका मर्यादेपलीकडे गेला की झडप उघडते आणि विरोधाची वाढ मंदावते. दट्ट्या आत जाताना आणि बाहेर येताना या झडपा वेगवेगळ्या असतात, त्यामुळे दोन्ही दिशांचा विरोध स्वतंत्रपणे ठरविता येतो.

या रचनेत समायोजनाची सोय कोठे करावयाची? एक पद्धत अशी: दांडा पोकळ करून त्यातून एक बारीक सळई नेतात व तिच्या टोकाला निमुळती सुई ठेवतात. बाहेरून स्क्रू फिरविला की सुई पुढेमागे होते आणि सदैव उघडे असलेले छिद्र अरुंद वा रुंद होते. दुसऱ्या पद्धतीत झडपेवरील स्प्रिंगचा दाबच बदलतात. हॉलंडमधील कोनी या कारखान्याच्या जुन्या रचनेत साधन गाडीवरून काढून पूर्ण दाबावयाचे, म्हणजे दट्ट्याखालचा नट तळाच्या झडपेत अडकतो. मग दांडा फिरवून दट्ट्या बाहेर येतानाचा विरोध वाढवावयाचा. वापराने साधन सैल झाले की ही भरपाई विशेष उपयोगी पडते. चालकाला बसल्या जागेवरून विरोध बदलता यावा अशीही योजना जुनी आहे. अमेरिकेतील पॅकार्ड मोटारींत ती १९३२ साली आली. पुढे विद्युत् नियंत्रणाने हे काम आपोआप होऊ लागले. टोयोटाच्या सोअरर मोटारीत १९८३ साली, आणि निराळ्या तत्त्वावर २००२ साली कॅडिलॅक मोटारीत, असे नियंत्रण दिसते.

३

आता पदांकडे वळू. प्रथम 'धक्काशोषक'.

'शोषणे' या क्रियापदाचा मराठीतील व्यवहार पाहा. टीपकागद शाई शोषतो, माती पाणी शोषते. शोषलेली वस्तू शोषणाऱ्याच्या ठायी राहते, आणि शोषकाचे बळ वाढविले तर अधिक वस्तू शोषली जाते. या अर्थच्छटा घेऊन विद्यार्थी जेव्हा 'धक्काशोषक' हा शब्द वाचतो तेव्हा तो तीन निष्कर्ष काढतो: धक्का झेलणारे साधन हेच, धक्का बसताना, म्हणजे दांडा आत जाताना, ते सर्वांत अधिक काम करते, आणि ते अधिक कडक केले की धक्का अधिक शोषला जातो. हे तिन्ही निष्कर्ष शब्दाला अनुसरून आहेत. तिन्ही चुकीचे आहेत.

धक्का झेलते ती स्प्रिंग, हे वर आलेच आहे. दुसरा निष्कर्ष रचनेवरून खोटा ठरतो. सामान्य मोटारीत दांडा बाहेर येतानाचा विरोध आत जातानाच्या विरोधाच्या दुप्पट-तिप्पट ठेवण्याची प्रथा आहे. कारण उघड आहे. चाक उंचवट्यावर वेगाने चढत असताना तेलाचा विरोध स्प्रिंगच्या बलात भर घालतो आणि दोन्ही मिळून अंगाला वर ढकलतात. त्या क्षणापुरते हे साधन धक्का शोषीत नाही, तो पोहोचविते. म्हणून रचनाकार त्या दिशेचा विरोध मुद्दाम कमी ठेवतो आणि स्प्रिंग उसळत असताना, म्हणजे धक्का होऊन गेल्यावर, खरे काम करून घेतो. तिसरा निष्कर्ष यातूनच कोसळतो. साधन जितके कडक तितका हिसका अंगापर्यंत अधिक पोहोचतो. उसळीचा विरोध प्रमाणाबाहेर वाढविला तर चाक खळग्यात वेळेवर उतरत नाही, आणि लागोपाठ खड्डे आले तर गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक थोडी खालीच राहून बसत जाते.

समायोज्य साधन या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. ज्या साधनाला स्क्रू नाही त्याचे नाव चुकीचे असले तरी वापरणाऱ्याच्या हातून सहसा अपाय होत नाही. ते जसे आहे तसे तो वापरतो. परंतु स्क्रू आला की नाव हे एक प्रकारचे आदेशवाक्य होते. धक्के फार बसतात, तर धक्का शोषणाऱ्याची शक्ती वाढवावी, असे समजून माणूस स्क्रू घट्ट करतो आणि धक्के वाढवितो.

अन्य भाषांनी येथे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन व्यवहारात धक्का शोषण्याची कल्पना रूढ झाली. ब्रिटिश अभियंत्यांनी मात्र पियानोचा नाद दाबणाऱ्या पट्टीला जे नाव आहे, 'डॅम्पर', तेच येथे पसंत केले. त्या धातूचा अर्थ आधी बाष्प, मग बाष्पाने गुदमरविणे, आणि त्यावरून जोर कमी करणे असा सरकत गेला आहे. ओलाव्याशी या ठिकाणी त्याचा संबंध नाही. फ्रेंच 'आमॉर्तिसर' या शब्दात 'मृत' या शब्दाशी सगोत्र असलेला धातू आहे: दोलन मारून टाकणारा. जर्मन भाषेत रूढ शब्दात धक्का आणि शमन या दोन्ही कल्पना एकत्र आल्या आहेत. तेथील शास्त्रीय लेखनात मात्र धक्क्याच्या जागी दोलन घालून केलेला शब्दही वापरतात. म्हणजे शास्त्रीय लेखनाचा कल दोलनाकडे आणि ते निवविण्याकडे आहे. आपण भाषांतरासाठी नेमका त्यांतील सर्वांत सदोष नमुना उचलला.

४

'द्रवचालित' या पदाचा दोष अधिक सूक्ष्म आहे. मूळ ग्रीक शब्दात पाणी आणि नळी या दोनच कल्पना आहेत. चालविण्याची कल्पना त्यात नाही. मराठी शब्द घडविणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर द्रवाच्या दाबाने चालणारी यंत्रे होती: दाबयंत्र, उच्चालक, मोटारीचा ब्रेक. तेथे पायाने दिलेले बल द्रवामार्फत दुसरीकडे पोहोचते आणि काहीतरी चालते. तेथे 'द्रवचालित' हा शब्द यथार्थ आहे.

प्रस्तुत साधनात द्रव काहीच चालवीत नाही. दट्ट्याला चालविते ते चाक. द्रव त्याला अडवितो. 'चालित' हे कर्मणि भूतकृदंत येथे कर्ता आणि विरोधक यांची अदलाबदल करते. एकच इंग्रजी विशेषण दोन निराळ्या कार्यतत्त्वांना लागत असल्यामुळे मराठीतही एकच शब्द हवा, या समजुतीतून हा घोटाळा झाला आहे. शब्दाला शब्द हा नियम धरला तर तो टळणार नाही. कार्याला शब्द हा नियम धरला तर सहज टळतो. तेल येथे विरोधाचे माध्यम आहे. 'तेलाचा' हे साधे षष्ठ्यंत विशेषण तेवढाच अर्थ सांगते आणि त्याहून अधिक काही सांगत नाही.

येथे समासाचा मोह आवरला पाहिजे. 'शमक' हा शब्द स्वीकारला (त्याचा विचार पुढे केला आहे), तर 'तैलशमक' असा सुबक समास सुचतो. परंतु 'अग्निशमक' हा शब्द मराठीत दृढ असल्यामुळे वाचक 'तैलशमक' याचा विग्रह त्याच धर्तीवर, 'तेलाला शमविणारा', असा करील. 'तेलाने शमविणारा' असा करणार नाही. तृतीया तत्पुरुष अभिप्रेत असताना षष्ठी तत्पुरुष ऐकू येणे हा परिभाषेतील नेहमीचा अपघात आहे. तेथे विग्रहवाक्यच वापरावे.

५

'समायोज्य' या पदात दोष शब्दाच्या घडणीत नाही, त्याच्या अन्वयात आहे. विशेषण विशेष्याला लागते, हा व्याकरणाचा नियम. परंतु यंत्रात समायोज्य असते ती एक सुई किंवा एक झडप. 'समायोज्य' म्हणजे नेमके काय समायोज्य, हा प्रश्न व्याकरण विचारीत नाही. तो विचारला म्हणजे दोन अनपेक्षित गोष्टी हाती लागतात.

पहिली गोष्ट सुईच्या रचनेतून निघते. सुई जे छिद्र अरुंद करते ते सदैव उघडे असलेले छिद्र. दट्ट्याचा वेग कमी असताना बहुतेक तेल त्यातून जाते, म्हणून सुईचा परिणाम जाणवतो. वेग वाढून मुख्य झडप उघडली की बहुतेक तेल तिकडून जाते आणि सुईचा परिणाम नगण्य होतो. वळणावर गाडी कलणे, ब्रेक लावताना पुढे झुकणे, लांब उंचवट्यावर डोलणे या संथ हालचाली सुईच्या ताब्यात आहेत. तीक्ष्ण खड्ड्याचा हिसका नाही. येथे वेग म्हणजे दट्ट्याचा वेग, गाडीचा नव्हे, हेही स्पष्ट करावयास हवे; मंद चालणारी गाडीसुद्धा खड्ड्यात आपटताना दट्ट्याला मोठा वेग देते. तेव्हा 'समायोज्य धक्काशोषक' या शब्दांनी ज्या साधनाचा निर्देश होतो, त्याच्या या साध्या प्रकारात जे समायोज्य आहे त्याचा धक्क्याशी जवळजवळ संबंध नाही. हिसक्यासाठी निराळा समायोजक हवा असेल तर मुख्य झडपेवरील दाब बदलावा लागतो, आणि महागड्या रचनांत तशी स्वतंत्र सोय असते.

दुसरी गोष्ट आपल्या रस्त्यांवरील लक्षावधी मोटारसायकलींना लागू आहे. माहितीपत्रकातील 'पाच टप्पे' कोठे आहेत ते पाहावे. स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्यांची कडी असते. ती पान्याने फिरविली की स्प्रिंगचे बूड वर सरकते. बस, एवढेच. तेलाच्या नळीला, दट्ट्याला, झडपेला या फिरवण्याचा स्पर्शही होत नाही. 'समायोज्य' आणि 'द्रवचालित' ही दोन विशेषणे शेजारी आल्यामुळे वाचक स्वाभाविकपणे समजतो की द्रवाचे कार्य समायोज्य आहे. वस्तुतः द्रवाचा भाग समायोज्य नाही, आणि समायोज्य भागात द्रव नाही.

गैरसमज येथेच संपत नाही. कडी फिरविल्यावर 'स्प्रिंग कडक झाली' असे म्हणतात. तेही खरे नाही. समजा, स्प्रिंग १ मिलिमीटर दाबण्यास २० न्यूटन बल लागते. कडीने ती आधीच १० मिलिमीटर दाबून ठेवली, तर आरंभीचे बल २०० न्यूटनांनी वाढले. परंतु त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबण्यास पूर्वीप्रमाणे २० न्यूटनच लागतात. कडकपणा तोच राहिला, फक्त तेवढ्याच ओझ्याखाली गाडी कमी बसू लागली. पाठीमागे दुसरा माणूस वा ओझे घेताना गाडी नीट उंचीवर राहावी, हे या कडीचे उचित प्रयोजन आहे. 'ओझ्याप्रमाणे स्प्रिंगचा पूर्वदाब पाच टप्प्यांत बदलण्याची सोय' असे लिहिले असते तर विकत घेणाऱ्याला आणि दुरुस्ती करणाऱ्याला दोघांनाही खरी माहिती मिळाली असती.

याच पदाविषयी आणखी एक भेद करावयाचा राहतो. 'समायोज्य' यातील 'य' प्रत्यय कर्मणि शक्यता दाखवितो: ज्याचे समायोजन कोणी तरी करू शकतो ते. परंतु रस्ता पाहून स्वतःच विरोध बदलणाऱ्या आधुनिक साधनात ही क्रिया साधनाकडे आली आहे. त्यासाठी कर्तरि प्रत्यय हवा: 'समायोजी'. इंग्रजीत या दोन कल्पनांसाठी दोन वेगळे शब्द घ्यावे लागतात. मराठीत एकाच धातूवर दोन प्रत्ययांनी काम होते. २००२ साली कॅडिलॅकमध्ये आलेल्या रचनेत तर छिद्र बदलतच नाही. तेलात लोहाचे सूक्ष्म कण असतात, आणि चुंबकीय क्षेत्र निर्माण केले की तो द्रवच वाहण्यास अधिक विरोध करू लागतो. येथे समायोजन खरोखर द्रवाचे आहे. मोटारसायकलीच्या कडीला आणि या द्रवाला एकच विशेषण लावणे म्हणजे परिभाषेने आपले काम सोडून देणे होय.

६

या विवेचनावर काही आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप रूढीचा. कुश तोडण्यात चतुर तो 'कुशल', वीणावादनात निपुण तो 'प्रवीण'. आज या शब्दांची व्युत्पत्ती कोणी पाहत नाही. मग 'धक्काशोषक' यातील 'शोषण' कशाला उकरून काढावयाचे? याचे उत्तर आपल्या परंपरेनेच देऊन ठेवले आहे. शब्दांचे रूढ, यौगिक आणि योगरूढ असे भेद शास्त्रकारांनी केले. रूढ शब्दाला अवयवार्थाची जबाबदारी नसते. यौगिक शब्दाला तोच अर्थ असतो. 'धक्काशोषक' हा शब्द रूढ झालेला नाही. कारखान्यात तो कोणी उच्चारीत नाही. तेथे 'शॉकअप' हा शब्द आहे. 'शॉकअप गेला', 'शॉकअपमधून ऑइल येते' असे मराठी माणूस बोलतो. इंग्रजी शब्दाची शेपटी गळून जे 'अप' उरले त्याला मराठीत काहीच अर्थ नाही, आणि म्हणूनच 'शॉकअप' हा शुद्ध रूढ शब्द आहे. तो काही सांगत नाही. पण काही खोटेही सांगत नाही. 'धक्काशोषक' केवळ पुस्तकात राहतो, आणि पुस्तकातील अपरिचित शब्द विद्यार्थी अवयवार्थानेच वाचतो. रूढीचे संरक्षण त्याला मागता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, मग 'शॉकअप' हाच शब्द पुस्तकातही घ्यावा. कारखान्यापुरता हा सल्ला योग्य आहे, आणि तेथून तो शब्द हुसकून लावण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरेल. परंतु शास्त्राला एक शब्द पुरत नाही, शब्दांचे कुटुंब लागते. क्रिया, क्रियेचे साधन, क्रियेचे प्रमाण, ते प्रमाण अपुरे वा अतिरिक्त असण्याच्या अवस्था: या सर्वांना नावे हवीत, आणि ती एका धातूवरून निघाली तरच त्यांचा परस्परसंबंध दिसतो. 'शॉकअप'वरून यांतील एकही शब्द निघत नाही.

तिसरा आक्षेप भौतिकीच्या अभ्यासकांकडून येईल. तेथील मराठी लेखनात 'अवमंदन' हा शब्द आढळतो. मग साधनाला 'अवमंदक' का म्हणू नये? 'धक्काशोषक' या शब्दापेक्षा 'अवमंदक' निश्चितच बरा आहे. परंतु 'मंद' या शब्दाला दोन धारा आहेत: मंद गती आणि मंद प्रकाश. दोलनाच्या संदर्भात पहिली धारा आधी लागते आणि दोलन सावकाश होते असा समज होतो. गणित पाहावे. विस्थापित वस्तू पलीकडे न झुकता जास्तीत जास्त लवकर मूळ जागी येईल इतक्या विरोधाला क्रांतिक विरोध म्हणतात. मोटारीत प्रत्यक्ष विरोध त्याच्या ०.२ ते ०.४ पट असतो. तो ०.३ धरला तर हेलकाव्यांचा दर ५ टक्क्यांहूनही कमी घटतो. पण हेलकाव्याचा विस्तार मात्र प्रत्येक फेरीत सुमारे सातव्या हिश्शावर येतो. दोलन सावकाश होत नाही, ते विझते.

या विझण्याला मराठीत 'शमणे' हे जिवंत क्रियापद आहे. वादळ शमते, तहान शमते, भांडण शमते. अग्निशमन दल तर प्रत्येक शहरात आहे. शमणारी गोष्ट शमविणाऱ्याच्या पोटात साठत नाही, हा 'शोषणे' आणि 'शमविणे' यांतील भेद तेलाच्या साधनाला तंतोतंत लागू पडतो. या धातूवरून शमन, शमक, शमनगुणोत्तर, न्यूनशमन, क्रांतिक शमन, अतिशमन असे सर्व कुटुंब सरळ उभे राहते. 'अवमंदन' वापरणारे ग्रंथ आहेत त्यांचे काय, असे कोणी विचारील. कोशात 'अवमंदन, पाहा: शमन' अशी एक ओळ घालावी. एका संकल्पनेची दोन कुटुंबे कायम ठेवण्यापेक्षा ही किंमत अल्प आहे.

चौथा आक्षेप असा की, इंग्रजी विद्यार्थ्यालाही चुकीचाच शब्द मिळतो, तरी त्याचे अडत नाही. मराठीनेच एवढी काटेकोर का असावे? इंग्रजी विद्यार्थ्यापुढे चुकीच्या शब्दाच्या शेजारी बरोबर शब्दही असतो, आणि चुकीचा शब्द शतकभराच्या वापराने रूढ झालेला असतो. मराठी विद्यार्थ्यापुढे एकच शब्द असतो, तोही नवा. शिवाय ज्या भाषेला आपली परिभाषा नव्याने घडवावयाची आहे तिला इतरांच्या चुका टाळण्याची संधी असते. त्या चुकांचे इमानाने भाषांतर करणे हा त्या संधीचा दुरुपयोग आहे.

७

सारांश असा. वाहनाच्या ज्या साधनाचा येथे विचार केला त्याला 'दोलनशमक', आणि संदर्भ स्पष्ट असेल तेथे केवळ 'शमक' म्हणावे. तेलाचा उल्लेख करावयाचा तेव्हा 'तेलाचा शमक' म्हणावे. 'समायोज्य' हे विशेषण एकटे वापरू नये. काय समायोज्य ते त्यासोबत सांगावे: उसळीचा विरोध, दाबाचा विरोध, की स्प्रिंगचा पूर्वदाब. आपोआप बदलणाऱ्या साधनाला 'समायोजी' म्हणावे. 'द्रवचालित' हा शब्द दाबयंत्र, उच्चालक आणि ब्रेक यांच्यापुरता राखावा.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्यास अनुमती दिली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील पुष्कळ विद्यार्थी तर त्याआधीपासूनच मराठीतून शिकत आले आहेत. या विद्यार्थ्यांच्या हाती जे पुस्तक जाईल त्यातील शब्द त्यांच्याकडून यंत्रावर कृती करवून घेतील. पदवीधर वाचक सदोष शब्द इंग्रजीशी ताडून सुधारून घेतो. ज्याला मराठी हीच वाट आहे त्याला तो शब्द जसा आहे तसा घ्यावा लागतो. म्हणून परिभाषा कोशातील नोंद छापण्यापूर्वी ती भाषाज्ञाबरोबर यंत्र उघडून पाहिलेल्या माणसाच्याही हाताखालून जावी. भाषाविभाग आणि तंत्रविभाग एकाच विद्यापीठाच्या आवारात असताना हे काम अशक्य म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखात तपासलेला पदसमूह हा एक नमुना आहे. ब्रेक, गिअर आणि क्लच यांच्या मराठी प्रतिशब्दांची अशीच परीक्षा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावी.